थोरल्याच्या नावावर

मी तोंडाचा फटकळ माणूस. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि घरात तर भिंतींनासुद्धा. चौतीस वर्षं लेथ मशीनवर उभा आहे. मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागली, आणि सवय काही फाटकावर ठेवून घरी येता येत नाही. म्हणूनच मुलीच्या नोकरीबद्दल मी दोन आठवडे अवाक्षर काढलं नाही हे ऐकल्यावर आमच्या फोरमनने विचारलं, तब्येत बरी आहे ना तुझी?

मुलगी म्हणजे आमची धाकटी. कॉम्प्युटरचं शिक्षण संपलं आणि एकाच आठवड्यात तिला दोन ठिकाणांहून होकार आले. एक कंपनी मोठी, नाव सांगितलं की शेजारी थांबून ऐकतात अशी. शहर मात्र दुसरं, बसने आठ तास. चारशे मुलं एकदम भरतात, तीन महिने वर्गात बसवून शिकवतात आणि मग जिथे माणूस कमी पडेल तिथे ढकलतात. त्यांनी हिच्या हातचं काम बघितलंच नव्हतं. मार्क बघितले, एक परीक्षा घेतली, ये म्हणाले. दुसरी जागा आमच्याच शहरात, चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, मालकीणबाईंसकट आठ माणसं. छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. पगार पहिलीपेक्षा कमी. पण तिथे भेटून आली तेव्हा पोरगी खांद्यावरची पिशवी न उतरवता स्वयंपाकघरापर्यंत बोलत गेली, तिथून मागच्या गॅलरीत, तिथून परत बाहेर. दीड वर्षात मी तिला सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. दोन्हीकडे सोमवार संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

तिला कुठे जायचंय ते आंधळ्यालाही कळलं असतं. तरी मी बोललो नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं चांगलंच पोळलेलं होतं.

थोरला, म्हणजे माझा मुलगा, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याचीही हीच लाइन. दोन वर्षांपूर्वी तोही असेच दोन होकार घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याचं मन लहान जागेवर होतं. मी म्हटलं, सावलीला बसायचं तर मोठ्या झाडाच्या बस. मी म्हटलं, पहिली नोकरी म्हणजे माणसावर बसलेला शिक्का, तो ठसठशीत पाहिजे. आणखीही बरंच म्हटलं, एकदा सुरू झालो की मला थांबवणारा अजून जन्माला यायचाय. तो मुकाट्याने मोठ्या कंपनीत गेला, लांबच्या शहरात. तीन मुलांबरोबर एका खोलीत राहायचा. सात महिने झाले आणि ताप आला. ताप ताप म्हणता कावीळ निघाली, कावीळ म्हणता लिव्हर गेलं. नऊ दिवस खोलीत अंगावर काढलं. दहाव्या दिवशी त्या मुलांनी उचलून दवाखान्यात नेलं आणि मग आम्हाला फोन आला. आम्ही पोहोचल्यावर तीन दिवस होता. त्यातला एकच दिवस आम्हाला ओळखत होता. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

त्या चार दिवसांना धरून मी दीड वर्ष काढलं. त्या तीन मुलांना मी जेवताना शिव्या घातल्या, दाढी करताना घातल्या, कारखान्यात मशीन पुसताना घातल्या. डोळ्यांदेखत माणूस पिवळा पडतोय आणि एक फोन करायला मेल्यांची बोटं झडली होती का? ज्याला ठाऊक होतं आणि जो बोलला नाही, त्याचं कधी भलं होणार नाही. हे मी शंभरदा म्हटलं असेन. मी सुरू झालो की धाकटी ताट उचलून उठायची. मला वाटायचं, भावाचा विषय पोरीला सोसवत नाही.

माझी बायको मात्र ऐकून घ्यायची. मी तिला लग्नापासून 'अगं' म्हणतो, ती मला 'अहो', त्यापलीकडे आम्हा दोघांना नावांची गरज कधी पडली नाही. थोरला गेल्यावर तिचं सगळं जगणं मोबाइलमधल्या एका पानावर येऊन राहिलं होतं. ते पान काय होतं ते आधी सांगतो.

हे कॉम्प्युटरवाले आपलं लिहिलेलं काम इंटरनेटवर एका जागी ठेवतात. तिथे प्रत्येकाचं स्वतःचं पान असतं, आणि त्या पानावर वर्षातल्या प्रत्येक दिवसाचा एक बारीक चौकोन. ज्या दिवशी काम केलं तो चौकोन हिरवा, नाही केलं तर कोरा. थोरल्याने घरी असतानाच आपल्या हौसेने एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं होतं. आई गुडघ्याच्या डॉक्टरकडे चार चार तास बाकावर बसून येते हे बघून त्याच्या डोक्यात आलं, की आपला नंबर कधी लागणार ते पेशंटला घरबसल्या कळायला हवं. नोकरीला गेल्यावरही तो रोज संध्याकाळी त्यात थोडं थोडं लिहायचा. जाताना आईच्या फोनवर ते पान काढून देऊन गेला होता. म्हणाला, रोज फोन करून जेवलास का, झोपलास का, असं विचारत बसू नकोस. चौकोन हिरवा दिसला की समजायचं, मी बरा आहे. तेव्हापासून ही चहाच्या आधी फोन बघायची. हिरवा दिसला की दिवसभर निर्धास्त. तो तापाने फणफणत होता त्या नऊ दिवसांतही चौकोन हिरवेच होते, म्हणून तर आम्ही इथे ढिम्म बसून राहिलो. पोराने पडल्या पडल्याही काम सोडलं नाही, असं आम्ही नंतर धरून चाललो.

तो गेल्यावर चौकोन कोरे झाले. ही तरीही रोज बघायची आणि फोन उशीखाली सारायची. तिचं खाणं सुटलं. पातेल्यातलं अन्न तसंच राहायचं, मी ओरडलो तरी, समजूत घातली तरी. तीन आठवड्यांनी एका सकाळी तिने मला हाक मारली, अहो, हे बघा. चौकोन हिरवा होता. मी म्हटलं, बिघाड असेल काहीतरी. ती म्हणाली, बिघाड कसला, त्याने काहीतरी लावून ठेवलंय, गजर लावतात तसं, आपोआप चालणारं. त्या दिवशी ती जेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बायको जेवतेय ना, मग मला काय करायचंय खोलात शिरून, असं म्हणून मी गप्प राहिलो.

पुढे पुढे तर त्या चौकोनांवरून ती धाकटीलाच टोचायला लागली. भाऊ बघ, जाऊनसुद्धा त्याचं काम थांबलं नाही. आणि तू दिवसभर त्याच्या जुन्या लॅपटॉपपुढे बसून काय दिवे लावतेस? धाकटी खोलीत निघून जायची.

तर, गुरुवारी जेवताना धाकटीने सांगून टाकलं की ती मोठी कंपनी घेतेय. पाणी वाढता वाढता सांगितलं, जणू उद्या कुठली भाजी आणायची ते सांगत होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ज्याला नोकरी लागते त्याचं तोंड तसं नसतं. मला वाटलं, त्या आठ जणांनीच नकार दिला असणार आणि पोरगी लाजेकाजेस्तव लपवतेय. शुक्रवार कसाबसा काढला आणि शनिवारी पाळी सुटल्यावर, हातातलं तेल नीट न पुसता, तडक चपलांच्या दुकानाचा जिना चढलो.

मालकीणबाई साठीच्या आसपास, केस पांढरे आणि आखूड, चष्मा कपाळावर सरकवलेला. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण बाईने खुर्ची दिली आणि सरळ बोलली. मुलगी आम्हाला हवीय, म्हणाली. तिने दाखवलेलं सॉफ्टवेअर दोन दवाखान्यांत चालू आहे, मी स्वतः जाऊन बघून आले. पण आमच्या धंद्यात प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख उमटते, आणि यातल्या झाडून सगळ्या नोंदींवर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे. मी विचारलं हा कोण, तर भाऊ म्हणाली. मग यात तुझं काय, म्हटलं तर गप्प बसली. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणारी मुलं आमच्याकडे रोज येतात, ही तशी वाटत नाही. सोमवारपर्यंत तिने एवढंच दाखवावं, तिचं कुठलं आणि भावाचं कुठलं. हवं तर भावाला घेऊन यावं.

मी सांगितलं की तो आता नाही. बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कधी गेला ते हळूच विचारलं. मी तारीख सांगितली. तिने समोरच्या कॉम्प्युटरचा पडदा वाचला, वर सरकवला, पुन्हा वाचला.

"मग हे दीड वर्षाचं कोणी लिहिलंय?"

मी उठून निघालो. जिना उतरेपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला होता, आणि उजेडाबरोबर संतापही. आमच्या कारखान्यात प्रत्येक टर्नरला नंबराचा पंच असतो. नग तयार झाला की त्यावर आपला नंबर ठोकायचा. माझा सत्तावीस. नग वाया गेला तर बोलणी सत्तावीसने खायची, साहेबाने वाखाणला तर कौतुक सत्तावीसचं. दुसऱ्याच्या पंचाला हात लावणं आमच्यात चोरीपेक्षा वाईट. आणि माझी पोरगी दीड वर्षं आपल्या कामावर दुसऱ्याचा नंबर ठोकत बसली होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. मी तिथेच तोंड सोडलं. तिने मला पुरतं बोलू दिलं, हातातली चादर घडी करून ठेवली आणि मग सांगितलं. थोरला नवीन नोकरीला जाताना जुना लॅपटॉप तिला देऊन गेला होता. त्यात त्याचंच नाव घातलेलं, त्यामुळे त्यावर कोणीही लिहिलं तरी नाव त्याचंच लागायचं. तो गेल्यावर तीन आठवड्यांनी तिने सहज ते सॉफ्टवेअर उघडलं, एक चूक दिसली ती दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी आई जेवली. मग तिला थांबता येईना. परीक्षेच्या दिवशी लिहिलं, अंगात ताप होता तेव्हा लिहिलं, कॉलेजची सहल सोडली. काहीच सुचलं नाही तर एक ओळ लिहायची, पण चौकोन कोरा जाऊ द्यायचा नाही. आता नाव बदललं की ते सगळे हिरवे चौकोन त्याच्या पानावरून उठून तिच्या पानावर जाणार होते. आईला काय सांगू, ती म्हणाली, तो बंद पडला म्हणून?

माझा राग कुठल्या कुठे गेला. या वयाच्या पोरीने आईला दीड वर्ष असं भरवलं आणि वर तिचेच टोमणे खाल्ले. मला वाटलं, एका लेकराला मी ढकललं, निदान हिला तरी मोकळं करतो. एकदा तरी बापासारखं वागतो. मी म्हटलं, आईचं माझ्यावर सोड. तिने माझी बाही धरली. "राहू द्या ना, बाबा," म्हणाली. मोठी कंपनी तरी काय वाईट आहे, असंही म्हणाली. पण ऐकेन तर मी कसला.

रविवारी सकाळी मी बायकोला समोर बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती कोसळेल. ती नुसती फोन मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, म्हणजे मी पोरीला तिच्याच कामावरून टोचत होते. मग उठली, धाकटीच्या खोलीत गेली आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, आजच बदल. तुझं ते तुझ्या नावावर घे. मला फक्त एकच दाखव, त्याचा शेवटचा चौकोन कुठला. खरोखर त्याच्या हातचा.

 धाकटी म्हणाली, उद्या करते. दुपारी करते. मी म्हटलं, उद्या नाही आणि दुपारी नाही, आत्ता. तिला खुर्चीवर बसवलं, तिच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला मी.

काम अगदी साधं होतं. एक कमांड द्यायची, की अमुक तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी माझ्या नावावर कर. तारखेची जागा सोडून बाकी सगळं तिने भराभर लिहिलं. मग थांबली. एक तारीख घातली, पुसली. पुन्हा घातली.

मी वाकून वाचलं. तो महिना मला तोंडपाठ आहे. एकवीस तारखेला दवाखान्यातून फोन आला, चोवीसला तो गेला. हिने बारा लिहिलं होतं. मी म्हटलं, अगं चुकतेयस, तेव्हा तर तो होता.

"चूक नाही, बाबा," ती म्हणाली. "बारा तारखेपासून मीच लिहितेय."

बायकोचा हात तिच्या डोक्यावर होता, तो तसाच थांबला. धाकटीने पडद्याकडे बघतच सगळं सांगितलं. बारा तारखेला थोरल्याचा तिला फोन आला होता. ताप आहे, बसवत नाही, दोनचार दिवस माझ्या नावाने काहीतरी लिहीत जा, नाहीतर आई घाबरून धावत येईल. तिला त्यात गंमत वाटली. भावाने आपल्यावर काम सोपवलं म्हणून बरंही वाटलं. दोनाचे चार दिवस झाले, चाराचे नऊ. ती एकोणीस वर्षांची होती. रोज एक ओळ लिहीत होती आणि इथे तिची आई चहा पिता पिता म्हणत होती, बरा आहे हो माझा पोरगा.

"तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?" बायकोने विचारलं.

"वाटलं. सोळा तारखेला सांगणारच होते. तो नको म्हणाला."

"नको का? कोणाला घाबरत होता एवढा?"

धाकटीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. चांगलं टक लावून बघितलं. मी खिडकीकडे तोंड वळवलं. मग ती म्हणाली, "ऑफिसला. नवीन नोकरी होती ना त्याची."

बायकोने हात काढून घेतला. एक शब्द बोलली असतीस तर, एवढंच म्हणाली, आत गेली आणि दार लावून घेतलं. धाकटीने तीच तारीख ठेवून बटण दाबलं. पानावर अकरा तारखेचा चौकोन हिरवा राहिला, त्याच्यापुढे कोरेच कोरे. मी तिथेच उभा होतो. घरभर ओरडणारा माणूस, पण त्या वेळी माझ्या तोंडातून ब्र निघाला नाही.

सोमवारी मायलेकींमध्ये एका अक्षराचंही बोलणं झालं नाही. दुपारी मालकीणबाईंचा फोन आला. धाकटीचं नाव आता तिच्या कामावर होतं, दाखवायला सगळं होतं. तिने बाईंचे आभार मानले आणि येणार नाही म्हणून सांगितलं. मग लॅपटॉप उघडून मोठ्या कंपनीला होकार पाठवला. मी विचारलं, आता काय अडलं होतं तुझं? जाऊ द्या, बाबा, म्हणाली आणि कपाटातून बॅग काढली. आठवड्याने गेली. ही दारापर्यंत आली, पण पायरी उतरली नाही.

आता माझं सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सोळा तारखेला थोरल्याने मलाही फोन केला होता. कारखान्यात होतो, मशीन चालू होतं. बाबा, पाच दिवस झाले, ताप उतरत नाही, घरी येऊ का, असं म्हणाला. त्याचा आवाज बारीक येत होता. मी म्हटलं, पहिल्या नोकरीत वर्षाच्या आत रजा मागणारा माणूस पुढे कुठेच टिकत नाही. ताप काय, येतो आणि जातो. गोळी घे आणि कामावर जा. आणि आईपुढे रडगाणं गाऊ नकोस, ती उगाच जीव टाकते. तो बरं म्हणाला. मी फोन खिशात टाकला आणि नग लावला. दीड मिनिटाचं बोलणं. डॉक्टरांचे चार दिवस जिथे संपतात तिथेच ते बसतं, मी बोटांवर किती वेळा मोजलंय. त्या तीन पोरांच्या नावाने मी एवढा शंख केला तो का? चोराच्या उलट्या बोंबा. कुणी माझ्याकडे वळून विचारू नये म्हणून.

त्या रविवारी मी एक वाक्य बोललो असतो तर पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. आत लावलेलं दार मग माझ्या तोंडावर लागलं असतं. मी ते तिच्या तोंडावर लागू दिलं. मला वाटलं, तिला कुठे काय ठाऊक आहे.

पाच महिने काढले. ती फोन करायची, मी उचलायचो, पाऊणएक मिनिट बोलायची, आई कशी आहे विचारायची. ही शेजारी बसून भाजी निवडत असायची आणि फोनला हात पुढे करायची नाही. शेवटी एका शुक्रवारी मी रजा टाकली आणि आठ तासांची बस धरली. बायकोला सांगितलं, पोरीला बघून येतो.

कंपनीच्या फाटकाबाहेर कठड्यावर बसलो. दुपारच्या सुट्टीत ती आली, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. काम काय देतात विचारलं तर म्हणाली, अजून दिलं नाही, नुसतं बसवून ठेवलंय. मी म्हटलं, मला काहीतरी सांगायचंय, मध्ये बोलू नकोस. आणि एका दमात सगळं सांगितलं. फोन, मशीन, रजा, गोळी, रडगाणं. शब्द एकही बदलला नाही. 



"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "तुमचा फोन ठेवला आणि त्याने लगेच मला लावला. मी आईला हाक मारायला उठलेच होते. तो म्हणाला, नको, बाबांनी सांगितलंय, आईला कळवायचं नाही."

 दीड वर्ष ती माझ्या समोर बसून जेवली होती. माझ्या तोंडची एक एक शिवी तिने ऐकली होती. मी विचारलं, मग त्या दिवशी आईपुढे बोलली का नाहीस?

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही बोलला असतात तर मी घरीच राहिले असते."

 सुट्टी संपत आली होती, तिच्याबरोबरची मुलं घोळक्याने आत जायला लागली होती. आईला सांगितलंत का, तिने विचारलं. मी म्हटलं, गेल्या गेल्या सांगतो. तिने मान हलवली. बसची वेळ विचारली, पाण्याची बाटली भरून दिली आणि फाटकातून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोहोचलो. मी बेल वाजवायच्या आतच हिने दार उघडलं. माझ्या हातातली पिशवी घेतली, पण आत गेली नाही, तिथेच उभी राहिली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिने धाकटीचं नाव काढलं. कशी आहे ती, विचारलं. काही बोलली का?

"बरी आहे," मी म्हटलं. आणि हातपाय धुवायला निघून गेलो.